विहिरीतला मणका

पहार हाडात घुसली तेव्हा धाकट्याला ते हाड आहे हे कळलंच नाही. लाल चिकणमातीच्या थरात काहीतरी कचकन मोडलं, एवढंच. त्यानं पहार उपसली, त्याच जागी पुन्हा हाणली, आणि डोक्याएवढं ढेकूळ सुटून त्याच्या पायावर पडलं. अंगठ्याचं नख उलटलं. विहिरीच्या तळातून त्यानं जी शिवी हासडली ती वर दोरापाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला शब्दन्शब्द ऐकू आली.

“पाणी लागलं का?” तिनं वाकून विचारलं.

“रक्त लागलं! पाटी सोड खाली.”

विहीर पाच पुरुष खोल गेली होती आणि अजून नुसती ओल लागत होती, पाणी नाही. दोन वर्षं पाऊस धड झाला नव्हता. त्यात वरच्या अंगाच्या बागवाल्यानं खोल बोअर मारला आणि यांची जुनी विहीर आठ दिवसांत आटली. त्यावरून मागच्या महिन्यात बांधावर मारामारी झाली. बागवाल्यानं फावडं आडवं करून धाकट्याच्या कानशिलात घातलं होतं, आणि धाकट्यानं त्याच्या खांद्याचा लचका दातांनी तोडला होता. तेव्हापासून धाकट्याच्या उजव्या कानात सारखी माशी गुणगुणत असे. त्या माशीला शिव्या घालत तो नवी विहीर खणत होता. मदतीला बायको एकटी. कोबीचं रान उन्हानं कडेकडेनं करपत चाललं होतं आणि उरलेलं आठ-पंधरा दिवसांच्या पलीकडे तग धरणार नव्हतं.

थोरला दुपारी दुकान बंद करून जेवणाचा डबा घेऊन आला. तो खाटीक होता. बापाच्या मागं बापाचं शेत धाकट्यानं घेतलं होतं आणि बापाचा सुरा थोरल्यानं. घर, आई आणि चूल मात्र एकच. थोरल्यानं लग्न केलं नव्हतं. अंगाला रक्ताचा वास येणाऱ्या माणसाला कोण मुलगी देणार, असं आई म्हणायची. वासाचं काही नाही, ह्याच्या रागाचा वास दोन गावं जातो, असं धाकटा म्हणायचा. थोरल्याचा उजवा हात डाव्यापेक्षा दीडपट जाड, डाव्या करंगळीचं टोक गेलेलं. बोलायला कमी.

त्यानं डबा भावजयीच्या हातात दिला आणि मातीच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. ते ढेकूळ वरच पडलं होतं. एका बाजूनं फुटलेलं. फुटलेल्या तोंडावर निळसर पांढरी, बारीक भोकांची जाळी होती, पावाच्या कापासारखी. थोरला उकिडवा बसला. अशी जाळी तो रोज बघत होता, जनावराची पाठ उभी फोडताना.

“हे कुठं होतं?”

धाकटा दोराला धरून वर आला होता आणि अंगठ्याला चिंधी गुंडाळत होता. “माझ्या पायावर होतं.”

“त्याआधी?”

“मातीत. दगड आहे, दादा. टाक तिकडं.”

“दगडाला मज्जा असते का?”

थोरल्यानं बोटानं माती बाजूला केली. मधे जाडजूड गोल ठोकळा. त्याच्यावर एक भोक, मातीनं बुजलेलं. भोकाच्या दोन्ही अंगांना भिंती, वर बुटका काटा, आणि एका कुशीला आडवा पंख. दुसरा पंख मातीतच असावा. “मणका आहे,” तो म्हणाला. “बैलाचा नव्हे. बैलाचा माझ्या मुठीत मावतो. हा दोन ओंजळींत मावायचा नाही.”

“मग हत्तीचा. जेवू दे.”

“त्या बाजूला दोन दिवस पहार लावू नकोस.”

धाकट्यानं हातातला घास डब्यात परत टाकला. “कोबीला सांग तसं. म्हणावं, दादाला हाड सापडलंय, दोन दिवस मरू नकोस.”

ते ढेकूळ थोरल्यानं स्वतःच्या सदऱ्यात गुंडाळलं आणि उघड्या अंगानं गावातून दुकानापर्यंत नेलं. वाटेत लोक हसले. हसणाऱ्यांपैकी एकाकडे त्यानं नुसतं पाहिलं, आणि तो माणूस हसायचा थांबला.

मटणावर शिक्का मारायला येणाऱ्या ढोरांच्या डॉक्टरकडून त्यानं शहरातल्या संग्रहालयाचा नंबर घेतला. तिसऱ्या दिवशी बसमधून एक बाई उतरली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, डाव्या पायानं लंगडी, पाठीवर पिशवी. सगळ्या गावानं तिचं नाव हाडंवाली पाडलं, ते ती स्टँडवरून दुकानात पोचायच्या आत.

ती दुकानाच्या मागच्या खोलीत आली. इथं थोरला सुऱ्यांना धार लावी, कातडी मीठ लावून ठेवी. भिंतीवर मांस टांगायचे आकडे, जमिनीत रक्त वाहून जायला पन्हळ. बाईनं नाक वाकडं केलं नाही. सरळ ढेकळापुढं बसली, फुटलेल्या तोंडाला जिभेचं टोक लावलं.

“अहो!” थोरला दचकला.

“तुम्हीही लावा. चिकटते बघा. दगडाला जीभ चिकटत नाही, जुन्या हाडाला चिकटते. बारीक भोकं ओढून घेतात.”

त्यानं लावली. चिकटली. चाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यानं हाडाला खूप काही केलं होतं, पण हे नव्हतं केलं.

“किती जुनं असेल?”

“माणूस नावाचं जनावर नव्हतं तेव्हाचं. एखादा मोठा सरपटणारा प्राणी असणार. पाठीचा मणका की शेपटीचा ते साफ झाल्यावर कळेल.”

“पाठीचा,” थोरला म्हणाला. “इथं फासळी टेकायची वाटी असणार. ह्या मातीखाली.”

“दिसली का तुम्हाला?”

“दिसायला कशाला पाहिजे? असतेच.”

बाई हसली नाही. “दिसेपर्यंत नसते,” ती म्हणाली.

मग तिनं अडचण सांगितली. माती ओली होती आणि वाळताना आकसत होती. तिच्याबरोबर हाड तडकत होतं. असंच बसमध्ये घातलं तर शहरात पोचेपर्यंत भुकटी. आधी इथंच सावकाश वाळवायला, साफ करायला आणि पक्कं करायला हवं होतं, आणि तिला तर दुसऱ्या खोदकामावर जायचं होतं, पंधरा दिवस. तिनं थोरल्याच्या हातांकडे पाहिलं. आखूड, जाड बोटं, नखांत काळं.

“शिकवलं तर कराल?”

“हातानं दुसरं काय येतं मला?”

तिनं संध्याकाळपर्यंत शिकवलं. पाणी अजिबात लावायचं नाही. लोखंड नाही, बांबूची टोकदार काडी, मऊ ब्रश, आणि फुंकर मारायला रबरी फुगा. हाड वाळूच्या थाळीत ठेवायचं, म्हणजे कुठूनही दाब येणार नाही. माती हाडापासून दूर ढकलायची, हाडाकडे कधीच नाही. तडा दिसला की काम बंद; स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या गोंदाचा एक थेंब तड्याच्या तोंडावर सोडायचा, तो आत ओढला जाईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. निघालेला प्रत्येक कण कागदाच्या पुडीत, कुठून निघाला ते लिहून. उरलेला वेळ ओलसर कापडाखाली, म्हणजे माती एकदम वाळून आकसणार नाही.

“तुम्ही हाड साफ करत नाही आहात,” ती बसमध्ये चढताना म्हणाली. “तुम्ही माती काढताय. हाडाला हात लावायचाच नाही.”

दुसऱ्या दिवसापासून थोरल्याचा दिवस दोन तुकड्यांत फाटला. पहाटे जनावर. कासरा आवळून मान पिरगळायची, गुडघा खांद्यावर, एकच ओढ. गरम रक्त मनगटापर्यंत. पाय झाडत राहतात तेवढा वेळ दाबून धरायचं. मग कातडं, मग पोट, मग सत्तुरानं पाठ फोडायची, प्रत्येक सांध्यावर एक घाव. चुकून दुसरा घातला तर त्याला स्वतःची लाज वाटे. दुपारी गिऱ्हाईक संपलं की हात राखेनं घासून धुवायचे आणि मागच्या खोलीत जाऊन बांबूची काडी धरायची.

पहिल्या दिवशी त्यानं काडी सुऱ्यासारखी धरली. तासाभरात तीन मोडल्या. दुसऱ्या दिवशी काटा बराच मोकळा झाला म्हणून जरा जोर लावला, आणि नखाएवढा कपचा उडून टपकन वाळूत पडला. आवाज इतका लहान होता की थोरल्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यानं उठून भिंतीत मूठ हाणली. आकड्यावरचं मांस हललं. भिंतीचा पोपडा पडला, बोटांची सालटी निघाली. मग तो परत बसला, कपचा चिमटीत धरून पुडीत ठेवला आणि वर लिहिलं: ‘काटा, वरचं टोक. चूक माझी.’

काडी कशी धरायची ते त्याला पाचव्या दिवशी कळलं. जोर मनगटात नव्हताच. तो बोटांच्या पेरात होता, आणि तिथंही अर्धाच लागत होता. माती आपणहून सुटायची वाट बघायची. ती सुटते, फक्त तिच्या वेळानं. भोकातली माती काढायला त्याला तीन दुपारी लागल्या. भोक मोकळं झालं तेव्हा त्यानं फुग्यानं फुंकर मारली आणि पलीकडचा उजेड आला. तो कितीतरी वेळ त्यातून बघत होता.

आठव्या दिवशी कूस उघडी पडली, आणि फासळीची वाटी तिथं नव्हती. गुळगुळीत. त्यानं दुसरी कूस पाहिली. तीही तशीच. थोरल्याचे कान तापले. बाईसमोर केवढ्या ऐटीनं सांगितलं होतं! मग त्यानं सकाळच्या बैलाची हाडं आणली, रस्सा उकळावा तशी उकळून मांस काढलं आणि मणके मानेपासून शेपटापर्यंत फरशीवर ओळीनं मांडले. एकेक मणका त्या मोठ्याशेजारी धरून बघत गेला. मानेचा नाही. पाठीचा नाही. कंबरेचा नाही. शेपटाच्या बुडाशी आला आणि थांबला. काटा बुटका. भोक अंगाच्या मानानं बारीक. फासळी नाहीच. जे मणके तो रोज कुत्र्यांना फेकायचा, त्यांचाच थोरला भाऊ हा.

“शेपटीचा,” तो मोठ्यानं म्हणाला. खोलीत कोणी नव्हतं.

शेतात मात्र विहिरीचं काम एका कुशीनं चाललं होतं. ज्या बाजूला हाड निघालं त्या भिंतीत अजून दोन निळसर टोकं दिसत होती, आणि ती बाजू धाकट्यानं सोडली होती. भावासाठी नव्हे, आईनं सांगितलं म्हणून. त्यामुळं विहीर वाकडी उतरत होती आणि काम दुप्पट. धाकट्याच्या तळहातांचे फोड फुटून पहारीला चिकटत. संध्याकाळी जेवताना त्याला भाकरीचा तुकडा मोडता येत नसे. बायको मोडून द्यायची.

“तुझ्या हाडाची तब्येत कशी आहे?” तो विचारायचा.

“बरी.”

“त्याला ओलं फडकं, सावली. मजा आहे. मीही मरून मातीत पडतो, मग येशील ना ब्रश घेऊन?”

“गप जेव,” आई म्हणायची.

अकराव्या दिवशी बागवाला दुकानात आला. मटण घ्यायला तो कधी येत नसे. सदऱ्याच्या गळ्यातून खांद्यावरची दातांची खूण दिसत होती. थोरला वजन करत असताना त्यानं मान लांब करून मागच्या खोलीत पाहिलं.

“ऐकलं ते खरं म्हणायचं! तुमच्या विहिरीतलं हे?”

“हो.”

“अजून आहेत म्हणे खाली?”

“दोन-तीन दिसतात.” थोरल्याला त्या मणक्याबद्दल कोणी सरळ विचारलं की बरं वाटे. गावात तसं कोणीच विचारत नव्हतं. त्यानं हात पुसून बागवाल्याला थाळीसुद्धा दाखवली, काडीच्या टोकानं भोक दाखवलं, शेपटीचा कसा तेही सांगितलं. बागवाला फार लक्ष देऊन ऐकत होता.

दोन दिवसांनी सरकारी गाडी थेट शेतात घुसली. एक साहेब आणि एक शिपाई. कोणीतरी लेखी कळवलं होतं, की या जागी पुरातन हाडं असून मालक ती फोडून विहीर खणतो आहे. शिपायानं विहिरीभोवती चार खुंट ठोकले आणि लाल पट्टी ओढली. धाकटा तळाशी होता.

“ए, वर ये!” शिपाई ओरडला.

धाकटा आला. उघडा, गुडघ्यापर्यंत लाल. साहेबानं त्याच्याकडे न बघता कागद पुढं केला. पुढला हुकूम येईपर्यंत खोदकाम बंद.

“किती दिवस?”

“सांगता येत नाही.”

“साहेब, कोबी जळतोय.”

“कोबीचं शेतीखात्याला सांगा. माझं खातं हाडांचं.”

धाकट्यानं कागद घेतला नाही. शिपायानं त्याची मान मागून धरली आणि त्याच्या अंगठ्याला शाई फासली, तोच अंगठा कागदावर दाबला, शेरडाच्या कानाला खूण करावी तसा. धाकट्याच्या बायकोनं, धाकटीनं, ते पाहिलं आणि तोंड फिरवलं. आपण पाहिलं हे नवऱ्याला कळू नये म्हणून ती मातीच्या ढिगाकडे चालत गेली.

गाडी गेली. मग त्यानं ढिगावरचा घण उचलला.

दुपारची वेळ. थोरला थाळीवर वाकून दुसऱ्या पंखाखालची शेवटची माती काढत होता. दार लाथेनं उघडलं.

“कळवलंस ना?” धाकट्याच्या तोंडाला फेस होता. “तुझ्या त्या लंगडीला कळवलंस ना?”

“काय कळवलं?”

“बंद केली विहीर! मानेला धरलं मला. तुझ्या ह्या... ह्या गोट्यासाठी!”

“मी नाही कळव—” थोरला उठला, आणि उठता उठता त्याला बागवाल्याची लांब केलेली मान आठवली. तोंड उघडं राहिलं. धाकट्यानं ते पाहिलं आणि त्याला जे समजायचं ते त्यानं समजून घेतलं.

“हाडच नाही तर बंदी कशाची?” म्हणत त्यानं घण घातला.

घाव थाळीच्या कडेवर बसला. वाळू उसळली. उजवा पंख फुटला, अर्धा तुकडे आणि अर्धा पीठ. निळसर धूर उठल्यासारखी ती भुकटी हवेत राहिली. धाकट्यानं घण पुन्हा डोक्यावर नेला. आता सरळ मधोमध.

थोरल्याचा हात मांस तोडायच्या ठोकळ्यावरच्या सत्तुराकडे आपोआप गेला. विचार एवढाच झाला, की पातं आतल्या बाजूला वळवलं. सत्तुराची पाठ धाकट्याच्या उजव्या मनगटावर बसली. एकच घाव, सांध्याच्या दोन बोटं वर. आवाज थोरल्याला ओळखीचा होता. दोन्ही हाडं.

घण पाठीमागं पडला. धाकटा ओरडला नाही. त्यानं डोकं खाली घालून भावाच्या तोंडावर धडक मारली. थोरल्याचं नाक फुटलं. दोघं पन्हळीत पडले. सकाळच्या रक्तावर पाय घसरत होते, उठायला जमत नव्हतं. धाकट्यानं डाव्या हातानं भावाचा गळा धरला, थोरल्यानं त्याच्या बरगड्यांत गुडघा घातला, एकदा, दोनदा, जनावर दाबून धरावं तसा. आणि मग त्याचा गुडघा खांद्यावर गेला, मान पिरगळली गेली, आणि त्याचा मोकळा हात जमिनीवर सुरा चाचपू लागला. तो काय शोधतोय हे त्याला त्याच्या बोटांनी सांगितलं. बोटं थांबली.

खाली धाकट्याचा एक डोळा त्याच्याकडे बघत होता. त्यालाही कळलं होतं.

थोरला अंगावरून उठला आणि भिंतीला टेकून बसला.

धाकटी धावत गेली होती आईला आणायला. आई आली, तिची चप्पल वाटेतच राहिली होती. तिनं खोली बघितली, धाकट्याचा भलत्याच जागी वाकलेला हात बघितला, आणि थोरल्याच्या तोंडात मारली. फुटलेल्या नाकावरच. आणखी एक. तिचा हात रक्तानं भरला तो तिनं लुगड्याला पुसला.

“कुणाचा हात मोडलास?” ती म्हणाली. “शेताचा मोडलास तू. आता कोण खणणार?”

दवाखान्यात धाकट्याच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. कसं लागलं, असं डॉक्टरनं विचारलं तेव्हा धाकटा म्हणाला, “विहिरीत.” घरी आल्यावर तो भावाशी बोलला नाही. थोरला जेवायला आला की तो ताट घेऊन ओसरीवर जायचा. डाव्या हातानं खाताना त्याचं अन्न सांडायचं, आणि ते भावानं बघू नये म्हणून तो भिंतीकडे तोंड करायचा.

थोरल्यानं दोन दिवस दुकान उघडलं नाही. वाळू चाळणीतून चाळली, फरशीच्या फटी ब्रशनं झाडल्या, पन्हळीतलं वाळलेलं रक्त खरवडून त्यातलेसुद्धा कण वेचले. सत्तेचाळीस पुड्या झाल्या. मग त्यानं बाईला फोन केला आणि बंदीचं, बागवाल्याला हाड दाखवल्याचंही सांगितलं.

ती दुसऱ्या दिवशी जीप घेऊन आली, सोबत दोन माणसं. आल्या आल्या चिडलेली होती, पण थोरल्यावर नव्हे. “बंदी घालण्याआधी मला विचारायची रीत आहे,” ती म्हणाली. विहिरीत स्वतः उतरली, लंगड्या पायासकट. भिंतीतली ती दोन टोकं म्हणजे त्याच शेपटीचे आणखी दोन मणके होते. पुढं काही नव्हतं, निव्वळ माती. तीन दिवसांत त्यांनी भोवतीच्या मातीसकट त्यांना प्लास्टरमध्ये गुंडाळलं आणि वर ओढलं. जाताना तिनं साहेबाची सही आणलेला कागद दिला, बंदी उठल्याचा. लाल पट्टी तिनं स्वतःच कापली.

मग ती मागच्या खोलीत आली. थाळीवरचं फडकं उचलून तिनं पाहिलं, फुटलेल्या पंखाची बाजू, मग थोरल्याचं सुजलेलं नाक.

“हे काय झालं?”

“पडला.”

“घणाखाली पडला वाटतं.” तिनं काचेतून मोडलेलं तोंड तपासलं. “मोड ताजी आहे, तुकडे जुळतील. जे पीठ झालं ते गेलं.” मग म्हणाली, “बाकीचं काम चांगलं आहे. भोकातली माती मला इतकी स्वच्छ नसती काढता आली. आणि शेपटीचाच आहे. कसं ओळखलंत?”

“वाटी नव्हती. मी चुकलो होतो.”

तिनं कापसात मणका बसवला, सत्तेचाळीस पुड्या वेगळ्या डब्यात घातल्या आणि चिठ्ठी काढली. “साफ कोणी केला, तिथं तुमचं नाव. सापडला कोणाला?”

थोरल्यानं धाकट्याचं नाव सांगितलं.

“पण फोन तर तुम्ही...”

“पहार त्याची होती,” थोरला म्हणाला. “लिहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो शेतात गेला. दुकानावर फळी लावली होती. अंगात जुना सदरा, कमरेला पंचा. धाकटी ढिगाऱ्यापाशी पाट्या मांडत होती. धाकटा विहिरीच्या काठावर बसला होता, प्लास्टरचा हात मांडीवर. आईनं त्याला पाठवलं होतं हे दिसतच होतं.

“मी उतरतो,” थोरला म्हणाला.

धाकट्यानं मांडीवरची माती झटकली.

“मी दोर धरते,” धाकटी पुढं झाली.

“मी धरतो,” धाकटा म्हणाला.

ती दोघांकडे बघत राहिली. “एका हातानं?”

“खुंटाला दोन वेढे आहेत. एक हात पुरतो. तू जा, पाणी आण प्यायला.”

ती गेली नाही. चार पावलं मागं सरली आणि पाटीच्या काठाला घट्ट धरून उभी राहिली. थोरल्यानं दोराचा फास काखेखाली घेतला, काठावर बसला, पाय आत सोडले आणि शरीर सोडलं. दोर ताणला, खुंट करकरला. तो खाली जाऊ लागला. डोक्यावरचं आभाळ लहान होत गेलं. एक पुरुष. दोन पुरुष.

दोर थांबला.

थोरला लोंबकळत राहिला. वर काठावर भावाचं डोकं आलं, उजेडाच्या विरुद्ध, काळं. चेहरा दिसत नव्हता.

“दादा.”

“हं.”

“आत्ता सोडला, तर तुझं कुठलं हाड आधी मोडेल?”

थोरल्यानं खाली बघितलं. तळ चार पुरुष खाली होता, ठोकून बसलेला. “टाचा,” तो म्हणाला. “मग कंबर.”

“कंबरेतला कितवा मणका?”

“वरून पहिला. नाहीतर दुसरा.”

“मरशील?”

“लगेच नाही.”

दोर थोडासा फिरत होता आणि त्याच्याबरोबर थोरलाही, भिंतीच्या लाल थराकडे, मग पिवळ्या थराकडे, मग परत. काखेत दोर रुतत होता. त्यानं हात वर नेऊन दोर धरला नाही. हाक मारली नाही. वरून धाकटीचा दबका आवाज आला, “अहो...” आणि धाकट्याचा, “गप.”

“बागवाल्यानं कळवलं,” धाकटा वरून म्हणाला. “काल बाईनं सांगितलं, अर्जावर त्याचीच सही आहे म्हणून.”

“त्याला दाखवलं मीच.”

“तेही सांगितलं.”

मग खुंट करकरला आणि दोर हलला. एक हिसका, वीतभर खाली. वरून एक कण्हणं. पुन्हा हिसका, पुन्हा कण्हणं. एका हातानं असे हिसके येत नाहीत हे थोरल्याला कळलं. मोडका हातही दोरावर होता. त्याला ओरडावंसं वाटलं, की तो हात काढ, वाकडा जुळेल. पण दात आवळून प्रत्येक कण्हणं ऐकत खाली गेला.

पाय टेकले. त्यानं फास काढला आणि दोराला दोन झटके दिले. दोर वर गेला. बराच वेळ वरून काही आलं नाही. थोरला अंधाऱ्या तळाशी मान वर करून उभा राहिला.

मग कुदळ आली. दोराला नीट बांधलेली होती, आणि गाठ डाव्या हातानं मारलेली.